मचव्यातली उशी: सात वचनं हळू कशी वाचावीत

मी मनोरीची. सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्वेला उतरते, तिथून बसने मालाड स्टेशन आणि पुढे ऑफिस. वडील मासेमारी करायचे, त्यामुळे होडी, वारा, भरती-ओहोटी हे शब्द कानावर पडतच मी वाढले. हे आधीच सांगते, कारण बायबलमधल्या ज्या उताऱ्यावर मी हळू वाचायला शिकले त्यात होडी आहे.

त्याआधी मी वर्षात संपूर्ण बायबल वाचून काढायचा तक्ता घेऊन दोनदा बसले होते. रोज तीन-चार अध्याय संपवायचे आणि चौकटीत खूण करायची. संध्याकाळी कोणी विचारलं असतं, आज काय वाचलंस, तर मला सांगता आलं नसतं. मग एका आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, आमच्या फादरांनी चार संध्याकाळी ‘लेक्सिओ दिविना’ शिकवलं. शब्द लॅटिन, अर्थ दैवी वाचन. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले, त्यात कामाच्या तासांबरोबर या वाचनाचेही तास नेमून दिले होते. बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुसियन संघातल्या संन्याशाने त्याच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवापुढे निवांत असणं. तो जेवणाची उपमा देतो. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत त्याची चव लागते आणि चौथी पायरी म्हणजे ती गोडीच. मला हे लगेच पटलं. इतकी वर्षं मी घास न चावता गिळत होते.

आधी उतारा निवडा. लहानच घ्या, पाच ते दहा वचनं. सुरुवातीला शुभवर्तमानातला, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्रांतला, एखादा प्रसंग बरा, कारण त्यात माणसं असतात, जागा असते, कोणी तरी काही तरी करत असतं. मार्क ४:३५-४१ (चौथा अध्याय, वचनं ३५ ते ४१), येशूने वादळ शमवल्याचा प्रसंग, सात वचनांचा आहे. जक्कयाची गोष्ट लूक १९ च्या पहिल्या दहा वचनांत आहे. फार थकला असाल तर स्तोत्र १३१ घ्या, तीनच वचनांचं आहे. संत पौलाच्या रोमकरांस पत्राने सुरुवात करू नका. ते थोर आहे, पण तिथला विचार लांब चालतो आणि नवशिक्याची दमछाक होते. आणि डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचं, बोट पडेल ते वचन आजचा संदेश समजायचं, हे तर कृपा करून करू नका. ते चिठ्ठी काढणं झालं. आदल्या रात्रीच उतारा ठरवून ठेवा.

शांत जागेची वाट पाहत बसू नका. मुंबईत ती मिळायची नाही. मी पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते. गॅसवर चहाचं पाणी असतं, बाहेर कावळे आणि शेजारच्या पंपाची घरघर. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवते आणि वचनं छापील बायबलमधूनच वाचते. क्रूसाची खूण करते, पवित्र आत्म्याला म्हणते, ‘ये, मला ऐकव.’ एवढंच.

पहिल्यांदा मोठ्याने वाचा. मनातल्या मनात डोळे पुढे धावतात, तोंडाने वाचताना धावता येत नाही. पहिल्या स्तोत्रात देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाबद्दल सांगितलं आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे. तोच शब्द यशया संदेष्ट्याने शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठीही वापरला आहे. म्हणजे मननाला आवाज असतो. माझी आजी जपमाळ म्हणताना ओठ हलवायची ते आठवतं.

दुसऱ्यांदा आणखी सावकाश वाचा आणि कुठे अडखळता ते पाहा. अडकवणारं ठिकाण सुंदर वचनच असेल असं नाही. कधी ते एखादं क्रियापद असतं, कधी एखादी वस्तू. मी पहिल्यांदा मार्कमधला वादळाचा उतारा असा वाचला तेव्हा अडकले ती उशीवर. मार्क सांगतो की वादळात येशू मचव्याच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता. हाच प्रसंग मत्तय आणि लूकही सांगतात, पण उशी फक्त मार्कमध्ये आहे. मला वाटलं, ही काय अडकायची जागा? पुढे जाणार होते. फादरांनी सांगितलं होतं, अडकलात तर तिथेच थांबा. थांबले.

त्या दिवसांत आई हॉस्पिटलात होती. रात्री मी तिच्या पलंगाखाली जमिनीवर आडवी व्हायचे, शालीची गुंडाळी डोक्याखाली. झोप लागायची नाही, मॉनिटर टिकटिकत राहायचा. वाचताना ती गुंडाळी डोळ्यांपुढे आली आणि दोन उशा शेजारी शेजारी दिसल्या, एकीवर झोप लागलेला माणूस आणि दुसरीवर जागी मी. मला आधी राग आला. शिष्य त्याला उठवून विचारतात, आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? तो प्रश्न त्यांचा राहिला नाही, माझा झाला. मी तो मोठ्याने म्हटला. स्वयंपाकघरात, चहाच्या पाण्यासमोर. तीच माझी त्या दिवसाची प्रार्थना, आणि खोटं गोड बोलण्यापेक्षा ती बरी होती असं मला आजही वाटतं. शास्त्रात तो प्रश्न लिहून ठेवलाय, म्हणजे तो देवाला विचारता येतो.

हीच तिसरी पायरी: वाचलेलं स्वतःच्या तोंडाने देवाशी बोला. आभार असतील तर आभार माना, तक्रार असेल तर तक्रार करा. नेहमीचं ‘हे आमच्या बापा’ शेवटी म्हणा, आधी तुमचं स्वतःचं वाक्य येऊ द्या.

तिसऱ्यांदा वाचताना येशूने काय उत्तर दिलं ते ऐका. बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरात तो समुद्राला म्हणतो, ‘उगा राहा, शांत हो.’ आपण रडणाऱ्या पोराला थोपटत ‘उगी, उगी’ म्हणतो, तेच मला त्यात ऐकू येतं. नंतर फादरांकडून कळलं की मूळ ग्रीकमधला दुसरा शब्द तोंडाला मुसकं बांधण्याचा आहे, आणि मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू तोच शब्द अशुद्ध आत्म्याला दरडावताना वापरतो. म्हणजे समुद्राला दरडावणी, आणि माझ्या कानाला अंगाई. दोन्ही मी जपून ठेवलंय.

पण ही माहिती नंतर वाचा. टीपा आणि नकाशे आधी उघडले तर मन अभ्यासाला लागतं, प्रार्थना बाजूला राहते. वाचून, बोलून झाल्यावर जरूर पाहा. गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचं सरोवर, साधारण २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून खाली आणि भोवती डोंगर. त्यामुळे वारा अचानक खाली कोसळतो. १९८६ साली दुष्काळात पाणी ओसरलं तेव्हा तिथल्या चिखलात येशूच्या काळाच्या आसपासचा एक मचवा सापडला, सव्वाआठ मीटर लांबीचा. हे वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात वडिलांच्या होडीशी त्याचं माप जुळवून पाहिलं. तेवढ्याशा होडीत पाणी भरायला लागलं की काय होतं, ते कोळ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी पुस्तक मिटा आणि पाच मिनिटं काहीही करू नका. याबद्दल फार लिहिता येत नाही. मन भाजीच्या यादीकडे गेलं की अडकलेला शब्द हळूच एकदा म्हणा आणि परत या. दहा वेळा गेलं तर दहा वेळा या. काही दिवस अगदी कोरडे जातात, एकही शब्द अडकत नाही. अशा दिवशी उतारा बदलू नका, दुसऱ्या दिवशी तोच वाचा. मी मार्कची ही सात वचनं सलग नऊ दिवस वाचली. सातव्या दिवशी कुठे लक्षात आलं की वारा पडून सगळं निवांत झाल्यावरही शिष्य घाबरलेलेच आहेत, उलट आता जास्तच. वादळात त्यांनी येशूला प्रश्न विचारला होता, आता एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण? मार्क तिथेच थांबतो, उत्तर देत नाही.

सगळं मिळून वीस मिनिटं लागतात. उठण्याआधी वहीत तारीख आणि अडकलेला शब्द लिहून ठेवते, स्पष्टीकरण लिहीत नाही. माझ्या वहीत ‘उशी’ आहे, ‘निवांत’ आहे, योहान २१ वाचला त्या आठवड्यात ‘कोळशाचा विस्तव’ आहे. आई गेली त्या महिन्याची पानं जवळजवळ कोरी आहेत, एका पानावर फक्त ‘उगा’.

तो शब्द घेऊन घराबाहेर पडा. दिवसभरात तीन-चारदा तो मनात म्हणा, जिना चढताना, लोकलची वाट पाहताना. या आठवड्यात मी पुन्हा त्याच उताऱ्यावर आहे आणि यावेळी पहिल्याच वचनात अडकलेय. संध्याकाळ झाल्यावर येशू म्हणतो, ‘आपण पलीकडे जाऊ या.’ इतकी वर्षं मी रोज दोनदा पलीकडे जाते. काल सुटून आले तेव्हा अंधार पडत होता, ओहोटी होती, फेरीबोटीत मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन चार बायका बसल्या होत्या. मी पाटीच्या बाजूला जागा केली आणि तो शब्द म्हटला.