जुनी अल्ट्रा-वाइड लेन्स घेताना या चुका टाळा

कासला फुलं लागली की साताऱ्यात जुन्या अल्ट्रा-वाइडची विचारपूस सुरू होते. फुलाच्या अगदी जवळ जाऊन मागचं पठार आणि ढगही चौकटीत घ्यायचे, तर ही लेन्स हवीच. पण घाईत घेतली की पस्तावा होतो. माझा झाला.

पहिली गल्लत आकड्यांची. लेन्सच्या नावातले आकडे म्हणजे एमएममधली फोकल लेंथ; आकडा जितका लहान, दृश्य तितकं रुंद. कॅननची १७-४० स्वस्तात मिळाली म्हणून क्रॉप सेन्सरसाठी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी, घेऊ नका. कॅननच्या क्रॉपसाठी १.६ ने गुणा, ती फुल-फ्रेमच्या हिशेबात सुमारे २७ एमएम पडते. म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सइतकीच रुंद. त्याच सेन्सरवर १० एमएमला जवळपास १०७ अंशांचं दृश्य येतं, १८ ला ७४. निकॉनवाल्यांनी आणखी जपावं. टोकिना ११-१६ च्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या डी३३०० किंवा डी५३०० कॅमेऱ्यावर फोकस हातानेच करावा लागतो. निकॉनची एएफ-पी १०-२० डी९० आणि डी७००० वर चालत नाही.

खरी फसगत कोपऱ्यांत होते. मी दुकानातच भिंतीचा फोटो काढला, मधला भाग लख्ख दिसला, पैसे दिले. कासला गेल्यावर कळलं, प्रत्येक फोटोची उजवी बाजू फरपटल्यासारखी. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/८ पर्यंत लहान केलं तरी तेच. आतली एक काच जागेवरून सरकलेली होती. भिंतीवर हे नीट कळत नाही, कारण कॅमेरा जरासा तिरका धरला तरी एक बाजू बिघडते आणि दोष लेन्सचा की आपला, ते समजत नाही.

म्हणून लांबची वस्तू धरा. आपल्याकडे अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर आहेच. कॅमेरा ट्रायपॉडवर, झूम सर्वांत रुंद आकड्याला (१०-१८ लेन्स असेल तर १० ला), अपर्चर पूर्ण उघडं. टॉवर मधोमध धरून फोकस करा, ऑटोफोकस बंद करा, मग कॅमेरा वळवून तोच टॉवर एकेका कोपऱ्यात आणून चार फोटो काढा. स्क्रीनवर पूर्ण मोठे करून बघा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल, या लेन्सची ती जातच. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स परत द्या.

इकडच्या पावसात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे कण मनावर घेऊ नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर मात्र "साफ करून देतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो साफसफाईने परत येत नाही.

कॅननवर अपर्चर उघडं असताना फोटो येतो आणि एफ/११ ला 'एरर ०१' येतो? आधी लेन्सच्या मागचे, कॅमेऱ्याला टेकणारे सोनेरी संपर्क कोरड्या कापडाने पुसा. तरीही तसंच झालं तर बहुतेक अपर्चरची केबल गेलेली असते. ती एखाद्याच झूमवर त्रास देते, म्हणून १०-१८ लेन्सवर १०, १४ आणि १८ ला वेगवेगळे फोटो काढून बघा, आणि तेही पैसे हातात असेपर्यंतच.