एआयकडून कोड घेताना आपला हात चालता कसा ठेवायचा

मी सांगलीत विश्रामबागेत बसून मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिते. हळदीच्या हंगामात माझ्याकडच्या मुलाने दिवसाचे सौदे चढत्या दराने लावायचा कोड एआयकडून घेतला. यादीतला शेवटचा दर म्हणजे दिवसाचा उच्चांक. महिनाभर सुरळीत चाललं. मग एक हलका लॉट ९८०० ला गेला आणि १४२०० चा सौदा झालेला असताना पडद्यावर उच्चांक आला ९८००.

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतल्या सॉर्टला, म्हणजे क्रम लावणाऱ्या आज्ञेला, तुलना कशी करायची ते सांगितलं नाही, तर तो आकडेही अक्षरांसारखे लावतो. १ च्या पुढे ९, म्हणून ९८०० शेवटी. आधीचे सगळे दर पाच आकडी होते, तोवर चूक दडून राहिली. मुलगा हुशार आहे, पण दोन तास एआयलाच 'दुरुस्त कर' म्हणत बसला. ती ओळ त्याने वाचलीच नव्हती आणि वाचायची सवय मीही लावली नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे असं चालतं. एआय उघडण्याआधी कागदावर तीन-चार आकडे घ्यायचे आणि उत्तर हाताने काढायचं. आकडे मुद्दाम आडमुठे घ्या: एक चार आकडी, एक पाच आकडी, एक शून्य, दोन सारखे. कोड आला की प्रत्येक ओळ शेजारच्याला मराठीत समजावून सांगा. जिथे 'हे असंच असतं' असं तोंडून निघेल, तिथे थांबा. ती ओळ तुमची झालेली नाही. पैशांचा हिशोब असेल तर रुपयांऐवजी पूर्ण पैशांत ठेवा, कारण संगणक ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ देत नाही.

चूक सापडली की पहिला अर्धा तास एआय बंद. हे सगळ्यांत जड जातं, आणि मी यात सूट देत नाही. संशोधक लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच कारखान्यांतल्या ऑपरेटरांबद्दल लिहिलं होतं: सोपं काम यंत्राकडे जातं, अवघड माणसाकडे उरतं, आणि सराव नसल्याने नेमका तेव्हाच हात चालत नाही.

साचेबंद फॉर्म, रिपोर्टचे रकाने एआयला खुशाल द्या.

शनिवारी तासभर एक छोटं काम पूर्ण हाताने लिहायचं. मागच्या शनिवारी त्या मुलाने शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबपट्टीचा कोड लिहिला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "ताई, एकही सौदा नसलेला दिवस घालून बघू का?"