दिनारियसच्या फोटोत पांढरा भपका येत असेल तर

रोमन सम्राट तिबेरियसचं (इ.स. १४–३७) दिनारियस, म्हणजे चांदीचं नाणं. फोटोत सम्राटाच्या गालावर पांढरा भपका, कडेची अक्षरं गायब. फ्लॅश, रिंगलाइट, फोंड्याच्या पावसाळी उजेडातली खिडकी. सगळं करून वैताग आला.

जमलं ते असं: कॅमेरा स्टँडवर, लेन्स सरळ खाली. नाणं काळ्या कापडावर. दोघांच्या मधे फ्रेमवाल्याकडची साधी काच ४५ अंशांत तिरकी, वरची कड दिव्याच्या बाजूला, म्हणजे काचेचं नाण्याकडचं तोंड दिव्याकडेही वळलेलं राहील. काच आधी पुसा, इथल्या दमट हवेत ती लगेच धुरकट होते. एलईडी दिवा काचेच्याच उंचीवर आडवा धरा; उजेड काचेवरून नाण्यावर उतरतो. नाण्यावर थेट उजेड पडू नये म्हणून मधे काळा पुठ्ठा. पंखा बंद, टायमर २ सेकंद, एक्सपोजर किंचित कमी.

नाण्याच्या मागचं ‘पाँटिफ मॅक्सिम’ही (‘सर्वोच्च पुरोहित’ ही सम्राटाची पदवी) वाचता आलं. काळपट काशाच्या नाण्यांना मात्र बाजूचा दिवाच बरा.