शिकागोकडे नवीन आलात? रोपं लावायच्या आधी रात्रीचं तापमान बघा

दर वर्षी एप्रिलमध्ये तीनचार दिवस असे येतातच की दुपारी पारा ७५ ला टेकतो (फॅरनहाइट बरं का, सेल्सियस आता डोक्यातून काढून टाका), लोक चड्डी-टीशर्टवर फिरायला लागतात आणि आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टोमॅटोच्या रोपांचे फोटो सुरू होतात. दुकानवाल्यांनीही रोपं बाहेर मांडलेली असतात, त्यांचं काय जातंय, तुमची मेली की परत तुम्हीच विकत घेणार. नेपरविल, ऑरोरा, शॉमबर्गकडे यंदा नवीन आलेल्यांनी या फोटोंना अजिबात भुलू नका. पुण्याहून आलेल्या माणसाला वाटतं ऊन पडलं म्हणजे झालं. इथे उन्हाला काही अर्थ नाही, जानेवारीत उणे १० असतानासुद्धा लख्ख ऊन असतं. बघायचं ते रात्रीचं तापमान.

आमच्याकडे मदर्स डे होईपर्यंत, म्हणजे मे महिन्याचा दुसरा रविवार, टोमॅटो-मिरची जमिनीत लावायची नाही. भेंडी, दुधी, कारली, दोडका यांना त्याहून उशीर, मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आसपास, कारण माती गरम झालेली लागते, थंड मातीत भेंडीचं बी नुसतं कुजतं. मिशिगन तलावाला लागून, इव्हान्स्टनकडे वगैरे राहत असाल तर मेमध्ये तुमच्याकडे आमच्यापेक्षा १५-२० अंश कमी असू शकतं, त्यामुळे पश्चिमेकडच्या मैत्रिणीने लावलं म्हणून तुम्ही लावू नका. आणि लावल्यावरही एखादी रात्र दगा देतेच. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अंदाज ३६-३७ चा, म्हणजे दहिवराचा (फ्रॉस्टचा) धोका. तेव्हा संध्याकाळीच रोपांवर जुनी सोलापुरी चादर टाका, सकाळी काढा. प्लॅस्टिक नको, पानाला टेकलं की तिथेच करपतं.

लोक लगेच झोन विचारतात. अमेरिकन कृषी खात्याचा २०२३ चा झोनचा नकाशा आहे, त्यात उपनगरं साधारण ५बी-६ए मध्ये येतात. पण तो आकडा फक्त हिवाळ्यात किती खाली जातं त्याचा, म्हणजे गुलाब जगेल की नाही हे कळतं, टोमॅटो कधी लावायचा हे त्यात कुठेही नाही. (३० जानेवारी २०१९ ला ओहेअरवर उणे २३ झालं होतं, तेव्हा मोगरा जमिनीत लावायचा विचार सोडा.)

मेथी आणि कोथिंबीर मात्र एप्रिलमध्येच पेरा, त्यांना थंडी चालते, उलट उशीर केलात तर कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर जाते. जूनमध्ये इथे दिवस १५ तासांचा असतो, तिला तो सोसत नाही. ऑगस्टअखेर परत पेरायची. वालपापडीचं नेमकं उलटं, तिला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात, वेल कुंपणभर पसरतो, शेजारी कौतुक करतात आणि शेंगा धरायला लागल्या की ऑक्टोबरमध्ये दहिवर पडून सगळं काळं. हौस असेल तर लावा. झेंडू मात्र नक्की लावा, मेमध्ये लावलेला दसऱ्यापर्यंत पुरतो, इंडियन स्टोअरमधली ती मरगळलेली फुलं घ्यावी लागत नाहीत.

दुधीला फुलं येतात पण दुधी लागत नाही, हा प्रश्न जुलैमध्ये मला निदान पाच जणी तरी विचारतात. पहिली सगळी फुलं नर असतात, ती गळणारच. मग मादी फुलं येतात, त्यांच्या देठाशी बोटाएवढा लवदार दुधी आधीच दिसतो. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि तेव्हा मधमाश्या झोपलेल्या. म्हणून नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या आत हलक्या हाताने फिरवायचा. दोनतीन दिवसांत छोटा दुधी पिवळा पडून गळला नाही, की लागला.

कढीपत्त्याची कुंडी रात्री ५० च्या खाली जायला लागलं की आत. आणायच्या आधी पानं खालून-वरून पाण्याने धुऊन घ्या नाहीतर कीड आत येते. हिवाळ्यात पानं गळाली की सगळ्यांना दया येते आणि पाणी ओततात, झाड थंडीने नाही, या पाण्याने मरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याचा बागेपेक्षा घराशी जास्त संबंध आहे. ऑक्टोबर संपायच्या आत बाहेरच्या नळाचा होज (बागेला पाणी घालायचा पाइप) काढा. "आमचा नळ फ्रॉस्ट-फ्री आहे" हे मला सांगू नका. त्या नळाची झडप भिंतीच्या आत असते, बंद केल्यावर पुढच्या नळीतलं पाणी बाहेर गळून जातं म्हणून तो फ्रॉस्ट-फ्री. होज लावलेला असला की ते पाणी आतच अडकतं, गोठतं, फुगतं आणि नळी भिंतीच्या आत फाटते. हिवाळाभर काही कळत नाही कारण झडप बंद असते. मेमध्ये हौसेने रोपांना पाणी घालायला नळ सोडता आणि निम्मं पाणी तुमच्या बेसमेंटमध्ये. ओळखीतल्या दोन घरांत हे झालंय, कार्पेट, ड्रायवॉल, सगळं उखडलं, खर्च हजारो डॉलरमध्ये. घर जुनं असेल तर आतला व्हॉल्व्ह बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवायचा. होज काढा, नवऱ्याला सांगून विसरू नका, स्वतः जाऊन बघा.

बाकी किरकोळ. ससे मेथी एका रात्रीत साफ करतात, जाळी लावा आणि ती थोडी जमिनीत पुरा. जूनअखेर तांबूस-हिरवे चकचकीत भुंगे येतात, सकाळी सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्यात पाडायचे. अंगणात काळ्या अक्रोडाचं झाड असेल तर त्याच्या जवळपास टोमॅटो जगत नाही, खत घालून उपयोग नाही. नवीन वसाहतीत बिल्डरने वरची काळी माती खरवडून नेलेली असते, खाली नुसती चिकणमाती, तेव्हा सरळ वाफा उंच करून घ्या. खोल खणायचं असेल तर आधी ८११ ला फोन करा, गॅस आणि विजेच्या लाइनींवर खुणा फुकट करून देतात. आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० ला टॉर्नेडोचा (चक्रीवादळाचा) भोंगा वाजला तर घाबरू नका, ती चाचणी असते. इतर वेळी वाजला तर मात्र झारी तिथेच टाका आणि बेसमेंट गाठा.