दिवसाच्या सजगतेतून स्वप्नात भान

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळावं, यासाठी दार ओलांडताना, फोन उचलताना असे दिवसातले आठ-दहा ठरलेले क्षण धरा आणि थांबा. इथे मी कसा पोचलो, आधी कुठे होतो, हे आठवा. मग जागे आहात की स्वप्नात, हे तपासा: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास ओढा. स्वप्नात तो बहुधा आत जातो. पाटी वाचा, नजर वळवून पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात.

बहुतेकांचं फसतं ते इथे: ‘जागाच आहे’ असं गृहीत धरून उरकलेली तपासणी स्वप्नातही तशीच उरकली जाते. शंका खरी हवी.

रेम झोप, म्हणजे ठळक स्वप्नं पडण्याचा टप्पा, पहाटे लांबते. जाग आल्यावर न हलता स्वप्न आठवा, मग लिहा. स्वप्नात भान येताच हुरळलात तर जाग येऊ शकते. ते टाळायला स्वप्नातले तळहात चोळत राहा.