कार्ब उतरवायच्या आधी काय काय जमवायचं

गाडी १९८४ ची शेवी माँटे कार्लो, ३०५ व्ही८, वर रोचेस्टरचा क्वाड्राजेट कार्ब (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), आणि बाजूच्या सीटसमोर पॅनलच्या मागे तो चपटा ॲल्युमिनियमचा डबा, जीएमच्या कम्प्युटर कमांड कंट्रोलचा मेंदू. मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात मागच्या हिवाळ्यात मी हिला घरगुती फ्युएल इंजेक्शन बसवलं आणि निम्मा वेळ माझा आधी न केलेल्या तयारीमुळे गेला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी डोक्याची तयारी. प्रत्येकाला पहिल्यांदा वाटतं तेच मलाही वाटलं होतं, की डब्यात कम्प्युटर आहेच, तो कार्बमधल्या मिक्स्चर सोलेनॉइडला (पेट्रोलचं प्रमाण कमीजास्त करणारी विजेची झडप) पल्स देतोच, मग तीच वायर इंजेक्टरला जोडली की झालं. नाही होत. एक तर तो सोलेनॉइड उलटा चालतो, करंट मिळाला की मिश्रण पातळ करतो म्हणजे पेट्रोल कमी करतो, आणि इंजेक्टर करंट मिळाला की पेट्रोल सोडतो. बरं, सिग्नल उलटवणं काही कठीण नाही, एका ट्रान्झिस्टरचं काम. पण पल्स येतात सेकंदाला फक्त १०, इंजिन कितीही फिरो. ६०० आरपीएमला म्हणजे एका फेऱ्यात एक पल्स आणि त्यात चार सिलिंडरांनी श्वास घ्यायचा, ३००० ला तर एका पल्सवर वीस. कार्बला हे चालतं कारण पेट्रोल मोजायचं खरं काम जेट आणि व्हेंच्युरी करतात, कम्प्युटर नुसता ऑक्सिजन सेन्सर बघून मीठ जास्त झालं की कमी करतो. भाजी त्याने कधी केलेलीच नाही. किती हवेला किती पेट्रोल याचं टेबलच त्याच्याकडे नाही.

म्हणून मी काय ठरवलं, जुन्या डब्याला त्याची बाकीची कामं ठेवायची, म्हणजे स्पार्क टायमिंग, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणं), एअर पंप (धुरात हवा सोडणारा) आणि गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडणं), आणि पेट्रोलपुरता वेगळा घरी सोल्डर केलेला मेगास्क्वर्ट (इंजेक्शन चालवणारा, स्वतः जोडायचा कम्प्युटर), तो बोलिंग आणि ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास आणलेला. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि एअर पंपला हात लावायचा नाही. आणि कॅलिफोर्नियात राहत असाल तर १९७६ पासूनच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) आहे, तिथे हा उद्योग करायच्या आधी नियम नीट वाचा.

आता कार्ब वर असतानाच करायची कामं, आणि ही टाळू नका. एक पेपरक्लिप घ्या, डॅशखालच्या एएलडीएल कनेक्टरचे (कम्प्युटर तपासायचा प्लग) ए आणि बी जोडा, चावी ऑन करा, इंजिन बंदच. चेक इंजिनचा दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, मग दोनदा. हा कोड १२, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून पल्स येत नाहीयेत, आणि इंजिन बंद असल्यामुळे ते बरोबरच आहे. त्याच्यापुढे दुसरा कुठला कोड दिसला तर आधी तो निस्तरा, नाहीतर नंतर जुनं दुखणं कुठलं आणि तुम्ही केलेलं कुठलं ते कळणार नाही. मग इंजिन चालू करून ड्वेल मीटर (सोलेनॉइडला करंट किती वेळ मिळतो ते दाखवणारा) ६ सिलिंडरच्या स्केलवर लावून काटा ३० च्या आसपास हलतोय का बघा. कॅटच्या आधी एक्झॉस्टला १८ मिलिमीटरचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करून वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमकं किती ते आकड्यात सांगणारा ऑक्सिजन सेन्सर) बसवा आणि आठवडाभर कार्बवरच गाडी चालवून आकडे लिहून काढा. मी हे केलं नव्हतं आणि नंतर "पूर्वी किती असायचं" हे विचारायला कोणीच नव्हतं.

थ्रॉटल बॉडी मी जंकयार्डातून आणली, ट्रकवरची, दोन इंजेक्टरवाली टीबीआय (इंजेक्टर थ्रॉटल बॉडीतच असलेली). हिशेब सोपा आहे, १५० हॉर्सपॉवर गुणिले अर्धा पौंड म्हणजे तासाला ७५ पौंड पेट्रोल, दोन इंजेक्टर, ८०% पेक्षा जास्त वेळ उघडे ठेवायचे नाहीत, म्हणजे एकेक साधारण ४७ पौंडांचा हवा. घरी आणल्यावर काचेच्या बरणीत फवारा बघा, सुळक्यासारखा एकसारखा पडला पाहिजे, आणि बंद केल्यावर थेंब टपकला तर तो इंजेक्टर नको. मल्टिमीटरही लावा. कार्बच्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स १० ओहमच्या वर असतो आणि टीबीआय इंजेक्टर जेमतेम दीड ओहम, थेट १४ व्होल्ट दिले तर ९ अँपिअर ओढेल. जुन्या डब्याच्या ड्रायव्हरला चुकूनही जोडलात तर वास येईल आणि संपलं. याला ४ अँपिअरने उघडून १ वर धरून ठेवणारा ड्रायव्हर लागतो, किंवा मेगास्क्वर्टचं करंट लिमिट नीट सेट करावं लागतं.

क्वाड्राजेटच्या मॅनिफोल्डवर टीबीआय बसायला ॲडॉप्टर प्लेट, दोन नवे गॅस्केट. आणि इथे सगळ्यात मोठी दोन विसरण्यासारखी कामं आहेत. पहिलं, जुन्या कम्प्युटरचा टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर) कार्बच्या पोटातच असतो, कार्ब गेला की तोही गेला, मग टायमिंग आणि लॉकअप दोन्ही आंधळे. टीबीआयच्या टीपीएसच्या तीन वायरी जुन्या डब्याला द्या, मेगास्क्वर्टला त्यातला फक्त सिग्नल आणि तोही ग्राउंड एकच असेल तरच. दुसरं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टीव्ही केबल (थ्रॉटलच्या लिव्हरवरून गिअरबॉक्सला जाणारी). नव्या लिव्हरवर तिची ओढ जुन्याइतकीच हवी, नाहीतर आत प्रेशर कमी पडून क्लच जळतात आणि इंजेक्शनच्या नादात गिअरबॉक्स गमवाल. कार्ब काढायच्या आधी फोटो काढा, पट्टी धरून काढा.

कूलंटचा सेन्सर मात्र दोघांत वाटायचा नाही. मी वाटला. दोन्ही कम्प्युटर त्याला आपापल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतात, मग दोघांनाही इंजिन असतं त्यापेक्षा थंड दिसतं. सकाळी २० अंशांचं इंजिन लॅपटॉपवर दहाचं, आणि मेगास्क्वर्ट बाबा त्या हिशेबाने जास्तीचं पेट्रोल ओततोय. दोन दिवस मी टेबलं बदलत बसलो आणि शेवटी मल्टिमीटरने सांगितलं. मेगास्क्वर्टला स्वतःचा वेगळा सेन्सर घ्या.

पेट्रोलच्या बाजूला मेकॅनिकल पंप काढून त्या भोकावर ब्लँकिंग प्लेट, १२ पीएसआय (दाबाचं माप) देणारा इलेक्ट्रिक पंप, फिल्टर, टाकीपर्यंत परतीची लाइन, गेज. होज आर९ (इंजेक्शनसाठीच्या दर्जाचा) चाच घ्या, टाकीच्या आत आर१० लागतो, तिथे पैसे वाचवू नका. पंपाच्या रिलेसोबत एक इनर्शिया स्विच टाका, जंकयार्डात फोर्डच्या डिकीत मिळतो, ठोकर बसली की पंप बंद.

आरपीएमचा सिग्नल मी कॉइलवरून नाही घेतला, त्यात फार गडबड असते, डिस्ट्रिब्युटरच्या चार वायरींतल्या जांभळ्या-पांढऱ्या रेफरन्स वायरवरून घेतला. टायमिंग तपासायचं तेव्हा तो चार वायरींचा प्लग सोडून बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे. आयडलचं (पाय न देता इंजिन संथ चालू राहणं) म्हणाल तर टीबीआयवरची ते सांभाळणारी स्टेपर मोटर मेगास्क्वर्टच्या पहिल्या आवृत्तीला चालवता येत नाही, ती हवी असेल तर दुसरी आवृत्ती घ्या, मी सध्या स्क्रूवर भागवतोय आणि थंडीत पाय ठेवून बसतो.

जुना मिक्स्चर सोलेनॉइड फेकू नका. तो कार्बमधून सोडवून प्लगला तसाच लावून बांधून ठेवा, नाहीतर जुना डबा कोड २३ लावून दिवा पेटवतो. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून तो मिश्रण सुधारायचा प्रयत्न करत राहतो, ऐकणारं कोणी नाही हे त्याला माहीत नाही. बॉनेट उघडं ठेवून आयडलवर कान दिलात तर टिकटिक ऐकू येते.

पहिल्या स्टार्टला अग्निशामक नळकांडं हाताशी, बॅटरी चार्ज केलेली, चावीला दुसरं माणूस. आमच्याकडे बायको बसली होती. चावी ऑन, पंप दोन सेकंद घरघरून थांबला, गेज १२ वर, सगळ्या जोडांवर टॉर्च मारून ओल शोधली, एका क्लॅम्पला सापडली. परत चावी बंद, तो आवळला, आणि मग स्टार्टर.