न्यूट्रॉनच्या प्रयोगासाठी चेंबर बनवायचं असेल तर

जळगावच्या एमआयडीसीत माझं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. डाळ मिलचे शाफ्ट, ठिबकच्या भागांचे साचे हे रोजचं काम. गेली काही वर्षं त्याच लेथवर न्यूट्रॉनचे प्रयोग करणाऱ्यांसाठी व्हॅक्यूम चेंबर (आतली हवा उपसून वापरायची बंद पेटी) आणि नमुना ठेवायच्या डब्याही होतात. धुळ्या-भुसावळकडचे ओळखीचे वर्कशॉपवाले विचारतात, हे काम घ्यावं का? जरूर घ्या. मात्र त्याच्या सवयी वेगळ्या आहेत, त्या सांगतो.

ड्रॉइंग आलं की मापांआधी एक प्रश्न विचारा: हा भाग बीममध्ये, म्हणजे न्यूट्रॉनच्या झोतात येणार, बीमच्या शेजारी बसणार, की लांब? ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीसारख्या ठिकाणी (100 मेगावॅटची, 1985 पासूनची) न्यूट्रॉनचा झोत भिंतीतल्या वाटेने बाहेर काढून नमुन्यावर सोडतात. न्यूट्रॉन कुठल्या दिशेला किती विखुरले यावरून आतली अणूंची मांडणी कळते. त्या वाटेत आपला धातू आला, तर तोही मोजला जातो.

म्हणून बीममध्ये ॲल्युमिनियम. न्यूट्रॉन त्यातून बरेचसे सरळ निघून जातात. ते किरणोत्सारी होतं, पण त्याचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) सव्वादोन मिनिटांचं, चहा होईपर्यंत बहुतेक निवतं. स्टेनलेस स्टीलमध्ये कोबाल्टचा अंश असेल तर त्याचा कोबाल्ट-60 होतो, अर्धायुष्य 5.27 वर्षं. पितळेतल्या जस्ताचं 244 दिवस. कपाटात सापडला म्हणून बीमजवळ पितळी नट लावू नका. तो भाग नंतर महिनोन् महिने कुणाला मोकळेपणाने हाताळता येत नाही. मटेरियलचं सर्टिफिकेट मागा आणि त्यात कोबाल्ट किती ते वाचा. पावडरच्या नमुन्याची डबी बहुधा व्हॅनेडियमच्या पातळ पत्र्याची सांगतात, कारण व्हॅनेडियम न्यूट्रॉन सगळीकडे जवळपास सारखे विखुरतं, आलेखात स्वतःची टोकं उमटवत नाही.

नको असलेले न्यूट्रॉन अडवायला कॅडमियम किंवा बोरॉन. एक मिलिमीटरचा कॅडमियमचा पत्रा मंद न्यूट्रॉन जवळजवळ सगळे गिळतो. पण कॅडमियम विषारी आहे. त्याच्या जवळपास गॅस, वेल्डिंग, ग्राइंडर काहीही नको, धूर फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. जुन्या चांदीच्या ब्रेझिंग तारांमध्येही कॅडमियम असायचं, पाकीट वाचूनच तार वापरा. या बाबतीत मी कारागिरांशी कडक वागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सफाई. हायड्रोजनचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा पन्नासपटीहून जास्त न्यूट्रॉन विखुरतो. तेल, ग्रीस, डिंक, बोटाचा घाम, सगळ्यात हायड्रोजन. कुलंटचा (मशीनिंग करताना थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवाचा) पुसट थरसुद्धा प्रयोगात धुकं आणतो. ॲनोडायझिंग दिसायला छान, पण त्या थरात पाणी धरून राहतं, म्हणून सांगितल्याशिवाय करू नका. आमचा क्रम असा: डीग्रीझर, गरम साबणपाणी, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ओव्हनमध्ये सुकवणं. आपल्या बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला चालत नाही, क्षारांचे पांढरे डाग राहतात. धुतल्यावर हात लावायचा तो नायट्राइल ग्लोव्ह घालूनच. मार्करने नंबरही टाकायचा नाही.

व्हॅक्यूमचा धडा मला एका चेंबरने दिला. पंप रात्रभर चालला तरी दाब एका जागी अडून राहिला. हेलियम लीक डिटेक्टर लावून प्रत्येक जोडावर हेलियम फिरवला, काटा हलेना. अमळनेरचा आमचा फिटर सकाळी आला, बघून म्हणाला, "काय व्हयनं, भाऊ?" दोघांनी मिळून आतले बोल्ट काढले. ब्लाइंड होलच्या (आरपार न गेलेल्या भोकाच्या) तळाशी, आट्यांच्या मागे, हवा अडकली होती आणि ती थेंबाथेंबाने बाहेर येत होती. बाहेरून गळती नव्हतीच, मग डिटेक्टरला काय सापडणार? प्रत्येक बोल्टच्या मधून एक मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं आणि संध्याकाळपर्यंत दाब उतरला. तेव्हापासून आतला प्रत्येक बोल्ट भोकाचाच. वेल्डिंगही आतल्या बाजूने अखंड करायचं. बाहेरून आधार हवा तर तुटक टाके घाला. दोन्हीकडून अखंड केलंत तर मधे तशीच हवा कोंडते आणि गळती शोधताच येत नाही.

मापं 20 अंश तापमानाची धरतात. मे महिन्यात आपल्या शेडमध्ये 42 अंश असतात. 500 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा फ्लँज तेवढ्यात पाव मिलिमीटर वाढतो. स्टीलचं व्हर्नियरही तापलेलं असतं, म्हणून त्यातली निम्मीच वाढ दिसते आणि माणूस फसतो. भाग रात्रभर एसी खोलीत ठेवा, मोजायची साधनंही तिथेच, आणि सकाळी मोजा.

माल दिला म्हणजे काम संपलं नाही. शास्त्रज्ञांना बीमवर ठरावीक दिवस मिळतात, ते वाया गेले की पुढच्या पाळीची वाट बघावी लागते. म्हणून चेंबरबरोबर एक डबा द्या: ओ-रिंगचे (जोड हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यांचे) दोन जादा संच, भोकाचे बोल्ट, आणि अतिथंड भागात ओ-रिंगच्या जागी इंडियम या मऊ धातूची तार, कारण तिथे रबर कडक होऊन गळतं. इंडियम न्यूट्रॉन भरपूर खातं, तेव्हा ते बीमच्या वाटेत येणार नाही हे ड्रॉइंगवरच तपासा. शेवटच्या बदलासह ड्रॉइंगची छापील प्रत डब्याच्या झाकणाला आतून लावा, आणि तुमचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर तिच्यावर लिहा.